ऐब दाखवणारं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. दागिने घडवणारे कारागीर डोळ्याला लावून खडा पारखतात ना, तसलं. मोहरीएवढी वस्तू मी वाटाण्याएवढी करून दाखवतो. अंगानं लहान आहे, पण रागीट आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला दिसतं सगळं आणि बोलता येत नाही, त्याला राग फार येतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. खाजाभाईंनी मला हैदराबादच्या बाजारातून लातूरला आणलं, तेव्हा त्यांना नुकतीच मिसरूड फुटली होती. गंजगोलाईजवळच्या बोळात त्यांची भाड्याची एक खोली. तिथे बसून ते हातानं चांदीच्या अंगठ्या घडवत आणि त्यांत अकीक, फिरोजा, पन्ना असे नग बसवत. नग म्हणजे खडा. गिऱ्हाईक आलं की आधी मला त्याच्या हातात देत आणि म्हणत, "पहिले ऐब बघा, मग नग बघा." ऐब म्हणजे दोष. दोष लपवून विकलेला माल त्यांना हराम होता.

भूकंप झाला त्या वर्षी ढिगाऱ्यातून निघालेले दागिने घेऊन माणसं यायची. निलंग्याकडच्या गंगम्माबाई लेकीची अंगठी घेऊन आल्या. लेक राहिली नव्हती. "नग शाबूत हाय का, तेवढं बघा," म्हणाल्या. खाजाभाईंनी मला डोळ्याला लावलं. नगाला तडा होता. त्या दिवशी ते खोटं बोलले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण ते म्हणाले, "तडा हाय, अम्मा. पर असा बसवतो की निखळायचा न्हाई."

बाई रडल्या. मग म्हणाल्या, "महिना झाला, समदे मला सगळं ठीक हुईल म्हनून राहिले. तुमीच एक खरं बोललाव."

मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला.

पुढे लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गल्लोगल्ली क्लास, क्लासवर वसतिगृह, वसतिगृहाखाली खानावळ. आईबाप ज्योतिषी जोशीबुवांची चिठ्ठी घेऊन यायचे, 'बुधासाठी पन्ना'. खाजाभाई सरळ सांगायचे, "पोरगं अभ्यासानं पास हुतं, नगानं न्हाई. शोभंसाठी घेत असाल तर देतो." तरी लोक घ्यायचे. पण मोठ्या रस्त्यावर झगमगती दुकानं आली, मोबाईलवर घरबसल्या अंगठ्या मिळू लागल्या, आणि आमच्या बोळात माणूस फिरकेनासा झाला.

मग खोलीचे मालक सिद्धेश्वरअप्पा येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "खाजाभाई, जूनला नवी बॅच येती. इथं पोरांसाठी अभ्यासिका काढावी म्हनतो. धंदा चालत असंल तर रहा, मी काय हाकलून लावत न्हाई. पर रिकामं बसून काय करताव?"

रुखसार, खाजाभाईंची धाकटी लेक, हे ऐकत होती. ती म्हणाली, "अब्बा, जूनपर्यंत मला द्या. मी मोबाईलवर विकून दाखवते."

हाताशी काय होतं? कोपऱ्याला तडकलेला एक मोबाईल, खिडकीतला उजेड, एक पांढरा ड्रॉइंग पेपर आणि मी. तिनं दुधाच्या पिशवीच्या रबरानं मला मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बांधलं, आणि काय सांगू, फिरोज्याचा असा टपोरा फोटो आला की मीच खूश झालो! म्हातारपणी नवी नोकरी लागली. पैसे भरून जाहिरात करायची ऐपत नव्हती, म्हणून ती स्टेटस ठेवायची, क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर टाकायची. तिथून तिला काढलं तर दुसऱ्या ग्रुपात शिरायची. पहिल्या महिन्यात नांदेडला दोन अंगठ्या गेल्यासुद्धा, काडेपेटीत कापूस घालून.

खाजाभाईंची अट एकच. "पहिल्या ओळीत ऐब लिहायचा. मोबाईल असला म्हनून का झालं?"

आणि मार्चमध्ये घात झाला. रबर तुटलं आणि मी कामाच्या पाटावर, काचपेपरावर तोंडघशी पडलो. माझ्या काचेला चरा गेला. रुखसारनं ओढणीनं पुसलं, नवं रबर लावलं आणि कामाला जुंपलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोत, प्रत्येक नगावर एक तिरपी धुरकट रेघ येऊ लागली.

रुखसारनं विचारलं, "अब्बा, या पन्न्यात जाळं दिसून राहिलं. खरंच हाय का?"

खाजाभाईंनी मला डोळ्याला लावलं. पूर्वी ते नग फिरवायचे, मला फिरवायचे, खिडकीशी जायचे. आता एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "हाय. लिही."

मी आतल्या आत ओरडत होतो. अहो, नग निर्मळ आहे! खोट माझ्यात आहे! पण काचेला तोंड कुठे? चांगल्या चांगल्या नगांखाली रुखसार लिहीत गेली, 'नगात धुरकट जाळे आहे.' खाली लोक हसणारी तोंडं टाकायचे. कुणी विचारायचं, 'भंगार विकता काय?' नुसते 'भाव काय?' विचारून गायब होणारे तर रोजचेच. आठवडे गेले, एक अंगठी हलेना. मला स्वतःचाच संताप यायचा.

एकदा रुखसार भडकली. "लोकाच्या फोटोत नग काचंसारखे साफ, आन आपल्याच नगांला रोग! एकदा तरी न लिहिता टाकू द्या."

"न्हाई."

"मग खोली जाऊ द्यायची का?"

"जाऊ दे," खाजाभाई म्हणाले. मे संपता संपता त्यांनी स्वतःच अप्पांना सांगितलं, घ्या खोली.

सामान बांधत असताना फोन आला. अहमदपूरच्या शिल्पाताई, शाळेत शिकवणाऱ्या. रुखसारनं स्पीकर लावला. "मी तुमचे सगळे फोटो पाहिले. एक विचारू का? पन्ना असो, अकीक असो, समद्यांला एकाच जागी, एकसारखीच रेघ कशी हो? तुमची काच तर खराब न्हाई?"

रुखसारनं मला सोडवलं. माझ्याशिवाय फोटो काढला. रेघ गायब. मग मला उजेडात धरून ती किंचाळलीच, "अब्बा, भिंगाला चरा हाय! हे बघा!"

खाजाभाईंनी मला हातात घेतलं. डोळ्यांसमोर धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. शेवटी नखानं चाचपडलं, तेव्हा कुठे त्यांना चरा सापडला.

रुखसार त्यांच्याकडे बघतच राहिली. "अब्बा, तुमाला दिसत न्हाई?"

त्यांनी मला तिच्या हातात परत दिलं. "दोन साल झाले. धुकंच दिसतं."

"बोलला कामून न्हाईत?"

"डोळे गेलेल्या कारिगराकडं नग कोन देईल, बेटा?" मग हलक्या आवाजात म्हणाले, "चांगल्या नगांला मी ऐब लावला. हे बी खोटंच झालं."

सगळ्या जगाला आधी ऐब सांगणाऱ्या माणसानं स्वतःचा तेवढा लपवला होता.

शिल्पाताईंनी पन्ना घेतला. पण एका पन्न्यानं खोली वाचत नसते. तिथे आता अभ्यासिका आहे. खाजाभाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. रुखसारनं मला जपून ठेवलंय, पण कामाला नवं भिंग आणलंय, आणि तेच बरोबर आहे.

मित्रांनो, मला मऊ फडक्यानं पुसा, डबीत ठेवा, हे मी सांगणार नाही. काच बदलता येते. तुमच्या घरात कुणी पेपर लांब धरून वाचत असेल, जिन्याची पायरी पायानं चाचपत असेल, तर त्याला विचारा. तो काही नाही म्हणाला तरी पुन्हा विचारा. आमच्यात कुणीच ओळखलं नाही. रुखसारचं सोडा, ती फोटोंत गुंतली होती. पण मी? मला तर ते रोज त्याच डोळ्याला लावत होते.