जिन्याने आलेला उमेदवार

इंजिनिअर दहा मजले चढून आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

"लिफ्ट बंद आहे का?" सल्लागारबाईंनी विचारलं.

"नाही, चालू आहे. व्यायाम, मॅडम." त्याने पाण्याचा पेला एका दमात संपवला.

बाईंचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. टेबल, दोन खुर्च्या आणि एक भिंत. त्या भिंतीपलीकडूनच लिफ्ट जायची, त्यामुळे ती आली-गेली की भिंत हलकेच गुणगुणायची. नामांकित बिझनेस स्कूलमध्ये आपला निभाव लागेल की नाही, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. पूर्वी त्यांनी स्वतः अशाच एका प्रवेश समितीवर काम केलं होतं. टक्केवारी त्या देत नसत. आत, काठावर किंवा बाहेर, एवढंच सांगत. आणि ते सांगण्याआधी उमेदवाराच्या प्रत्येक मोठ्या वाक्याला "म्हणजे कसं?" विचारत राहत, सगळी विशेषणं गळून पडेपर्यंत. मुलं पाठीमागे त्यांना म्हणजेबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं.

आतल्या खोलीतून त्यांचे वडील काठी टेकत बाहेर आले.

"केस कापून येतो गं. आहेत तेवढे."

"नाना, लिफ्टच्या दारात उभं राहून गप्पा मारत बसू नका."

"मी कुठे मारतो? लोक मारतात, मी दार धरून उभा राहतो." नाना इंजिनिअरकडे वळले. "तुम्हीही व्यवस्थापन शिकणार वाटतं? ही मात्र घरच्या घरी माझ्यावर सराव करते." दाराशी जाऊन ते पुन्हा थांबले. "आणि त्या लिफ्टचं बघा कुणीतरी. दोन दिवस झाले, फरशीच्या वर थांबते. पायरी चढल्यासारखं आत जावं लागतं. माझ्यासारखेच तिचेही गुडघे गेले बहुतेक."

बाई हसल्या. इंजिनिअर हसला नाही. तो आपला निबंध चाळत राहिला.

अर्ज उद्या संध्याकाळपर्यंत जायचा होता. परीक्षेतले गुण उत्तम, नोकरी एकाच कंपनीत, वेळेवर बढत्या. कंपनी लिफ्टच्या देखभालीची होती. वरिष्ठांचं शिफारसपत्र तेवढं यायचं बाकी होतं.

"हे वाक्य," बाईंनी पेन्सिल टेकवली. "'देखभालीच्या प्रक्रियेत आमूलाग्र परिवर्तन घडवून मी कार्यक्षमता दुप्पट केली.' म्हणजे कसं?"

"पूर्वी एका लिफ्टला दोन माणसं लागायची. मी ते काम एका माणसावर आणलं."

"म्हणजे कसं? दुसऱ्याचं काम कुठे गेलं?"

"ते दर वेळी करायची गरज नव्हती, मॅडम. ब्रेक तपासायचं काम. ब्रेक काही रोज झिजत नाही. आता तक्रार आली की तपासतो."

"कसली तक्रार?"

पेल्यात पाणी नव्हतं, तरी त्याने तो उचलून तोंडाला लावला.

"मजल्याला बरोबर थांबत नाही, अशी."

"खाली थांबते अशी?"

"किंवा वर," तो म्हणाला.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"या इमारतीची लिफ्ट तुमच्याकडे आहे?"

"हो."

"म्हणून जिन्याने आलात."

तो निबंधाची पानं जुळवू लागला.

"आणि आत्ता नाना तुमच्यासमोर बोलले. तुम्ही ऐकलंत."

"मॅडम, मी उद्या माणूस पाठवणारच होतो. लिफ्ट कोसळत नाही, लोकांचा उगाच समज असतो. दोर मजबूत असतात."

"मग काय होतं?"

"रिकामी असली, किंवा आत एखादाच माणूस असला, तर दोराच्या दुसऱ्या टोकाला लावलेलं वजन जड पडतं. ब्रेक धरत नसेल तर..." तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती वर जाते. दार उघडं असताना."

बाईंनी नानांना फोन लावला. आतल्या खोलीत, उशीखाली, फोन वाजला.

"असू दे," त्या स्वतःलाच म्हणाल्या. "न्हाव्याकडे वेळ लागतो. मी जिन्याने खाली जाते. दुकानाबाहेरच थांबते."

त्या चप्पल शोधू लागल्या. एक सापडली, दुसरी टेबलाखाली गेली होती. तिच्यासाठी त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

भिंत गुणगुणत होती.

दोघंही बाहेर धावले. लिफ्टच्या दारावरचा आकडा बदलत होता. तीन. चार.

"मेन स्विच बंद करा!" बाई ओरडल्या.

"नको! वीज तोडली की सगळा भार ब्रेकवरच येईल. येऊ दे वर. फक्त दारात थांबायचं नाही. एक तर आत, नाही तर बाहेर."

"ते थांबतात," बाई म्हणाल्या. "ते नेहमी दारातच थांबतात."

सात. आठ. बाईंनी बंद दारावर तळहात आपटले. "नाना! मागे सरका! आतच राहा!" नानांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, आणि उजव्याने हवं तेवढंच.

दार उघडलं. लिफ्टची फरशी घोट्याएवढी वर होती. नाना आत एकटेच होते.

"दुकान बंद!" त्यांनी जाहीर केलं, काठी बाहेर टेकवली, एक पाय खाली ठेवला आणि दार धरून उभे राहिले. "अरे वा, स्वागताला दोघं? मी काय मोहिमेवरून..."

त्यांचा मागचा पाय आपोआप वर उचलला जाऊ लागला. नानांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

इंजिनिअरने त्यांना काखेत धरून ओढलं. दोघं मागच्या भिंतीवर आदळले आणि खाली बसले. नानांची एक चप्पल आतच राहिली. लिफ्ट काही आवाज न करता वर सरकत गेली. उघड्या दारात आधी तिच्या फरशीची कड दिसली, मग खालचं लोखंड, मग नुसता अंधार आणि तेलाचा वास. चप्पल वर निघून गेली.

"माझी चप्पल," नाना म्हणाले. मग त्यांनी त्या उघड्या अंधाराकडे पाहिलं आणि मुलीचा हात घट्ट धरला.

बाईंनी त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं. बाहेर आल्या तेव्हा इंजिनिअर उघड्या दारासमोर खुर्ची आडवी लावून जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"ही पद्धत किती इमारतींत आहे?"

"सगळ्या."

"फोन करा. सगळ्या बंद करायला सांगा."

"करतो. नक्की करतो." तो वर पाहत नव्हता. "मॅडम, शिफारसपत्र उद्या दुपारी जाणार आहे. आत्ता फोन केला तर साहेब ते पाठवणार नाहीत. नोकरीही जाईल. उद्या संध्याकाळी केला तर... एकच दिवस."

जिन्याच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत होती. तिच्या काचेच्या लिफ्टमध्ये एक बाई बाबागाडी घेऊन शिरत होती. फरशी वर होती. तिने गाडीची पुढची चाकं उचलून आत घेतली.

इंजिनिअरनेही ते पाहिलं.

"ती लिफ्टही तुमचीच का?" बाईंनी विचारलं.

त्याने फोन काढला. पलीकडे घंटी वाजत राहिली. समोरची लिफ्ट वर चढू लागली, काचेत ती बाई गाडीत वाकून काहीतरी बोलत होती.

"बोल रे," साहेबांचा आवाज आला. "पत्र लिहायलाच बसलोय तुझं. काय काय घालू?"

"साहेब, आपल्या सगळ्या लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करायला लागतील."

"म्हणजे?"

इंजिनिअरने एकदा बाईंकडे पाहिलं. मग सांगायला सुरुवात केली, एकही विशेषण न वापरता. समोर सहाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि दार उघडू लागलं.