लालासाहेबांचा वायू

१९४९ सालच्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीच्या, बनूच्या बाळंतपणासाठी अनसूया रजा घेऊन रहिमतपूरला घरी आली. सांगलीला ती मुलींच्या शाळेत शिकवत असे. बाळंतिणीच्या खोलीच्या दारातच तिचे पाय थबकले. खिडकीत तरट कोंबलेलं, बाजेखाली कोळशाची शेगडी, ओव्याच्या धुरीनं जड झालेली हवा. याच खोलीत, अशाच शेगडीजवळ, गेल्या पौषात आई गेली होती.

"आक्का, डोकं लय ठणकतंय," बनू म्हणाली. पाच दिवसांचं पोर तिच्या कुशीत निपचित पडलं होतं.

आईही त्या संध्याकाळी हेच म्हणाली होती. सकाळी ती उठली नाही, पण गालांवर लाली होती. "काय तेज हाय बघा. पुण्यवान बाई," असं लालासाहेबकाका आल्यागेल्याला सांगत होते.

लालासाहेब तिचे चुलते. लढाईत सहा वर्षं त्यांनी मिलिटरीच्या दवाखान्यात मलमपट्ट्या केल्या आणि परतले ते डॉक्टर होऊन. निदान गाव तसं म्हणत असे, आणि काकांनी गावाला कधी दुरुस्त केलं नाही.

ती सोप्यावर आली. काका पानाला चुना लावत होते.

"काका, शेगडी बाहेर काढायला सांगा. मी आईचं रक्त सांगलीला तपासून घेतलं तेव्हा ते कोळशाच्या विषारी वायूनं निम्म्याहून जास्त भरलेलं निघालं."

"आलीस का पुराण घिऊन?" काका हसले. "आगं, तूच पत्र धाडलं हुतंस की. कुण्या परदेशी डॉक्टरनं शोधलंय, ह्यो वायू मानसाच्या अंगातच तयार हुतो. मग त्यो वैनींच्या अंगातलाच. शेगडीला कशाला नावं ठेवतीस?"

पत्र तिचंच होतं. सांगलीच्या एका डॉक्टरांकडच्या मासिकात तिनं वाचलं होतं, की निरोगी माणसाच्या श्वासातही हा वायू सापडतो. जुनं रक्त मोडतं त्यातून तो निघत असावा. शरीराला त्याचा काही उपयोग होतो का, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. पण शरीर तो चिमूटभरच करतं आणि उच्छ्वासाबरोबर गुपचूप बाहेर टाकतं. काकांपेक्षा त्याला अक्कल जास्त. शेगडीचा धोका काकांना उमजावा म्हणून तिनं चार पानं मराठीत उतरवून धाडली होती. काकांनी त्यातली सोयीची एक ओळ उचलली.

"अंगात तयार होणारा वायू रक्तात शंभरात एक भागसुद्धा नसतो," ती म्हणाली. "आणि तोही बाहेर टाकायला मोकळी हवा लागते."

"मिलिटरीत आमी असले लय वायू बघितले."

"मग तुम्हाला भीती नाही. मी बनूला नि बाळाला बाहेर आणते. तुम्ही घटकाभर तिच्या जागी बसा. दार मी लावते."

काकांचा चुन्याचा हात थांबला. "बाळंतिणीच्या खोलीत बाप्या मानसानं बसायचं व्हय? इटाळ असतो."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून धोंडुबाईकाकू बोलली. तीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या बोलण्यात कधी पडली नव्हती. "इटाळ आंघुळीनं जातो. बसा की. मी पानी तापवते."

काका उठले, पायात वहाणा सरकवल्या. "मोटंकडं बघून येतो," म्हणाले आणि निघाले. मोट कालपासून बंद होती.

काकूनं फडक्यानं धरून शेगडी अंगणात नेली. अनसूयेनं खिडकीतलं तरट ओढलं. गार वारा आत आला, आणि थोड्या वेळानं बाळ हातपाय झाडत रडू लागलं. बनूनं त्याला पदराखाली घेतलं.

तरटाबरोबर एक निळी चिंधी अनसूयेच्या हातात आली होती. तिच्याच जुन्या लुगड्याची. तरट पौषापासून तसंच होतं. काकांनी सांगितलं म्हणून त्या संध्याकाळी कडेची फट तिनंच बुजवली होती, बोटानं चाचपून, नीट.

काकांना वाचायची सवय तरी नव्हती; तिला होती.