महागू टेकामांचे सुतक

बालाघाटमधल्या त्या वृद्ध सेवा केंद्रात दर सोमवारी न्हावी येतो. तसा तो त्या सोमवारीही आला. खुर्चीवर महागू टेकाम बसले होते. वय सत्तरच्या पुढे, मांडीचे हाड मोडलेले. तीन दिवसांपूर्वी त्यांना बिरसाकडच्या एका टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, आणले होते. त्यांची बोली गोंडी. हिंदी थोडीफार समजते, बोलता येत नाही. गाव सोडले तेव्हा त्यांची बायको फगनी तापाने फणफणत होती.

उवा होऊ नयेत म्हणून नव्या माणसाचे डोके पूर्ण भादरायचे, हा केंद्राचा नियम. महागूंनी दोनदा हात आडवा केला. सेविका रूपालीने तो खाली दाबला आणि त्यांचे डोके घट्ट धरले.

"बाबा, पाच मिनिटं! पाह्यजा, कसे नवरदेवावानी दिसान."

न्हावी हसला. व्यवस्थापक मोतीलालही हसले.

त्या दुपारपासून महागू पलंगावर झोपेनात. खाली चटईवर सरकत. दिवसातून एकदाच भात घेत, तोही बिनमिठाचा. डाळ-भाजीला हात लावत नसत. रूपालीने नोंदवहीत लिहिले : 'हट्टी. सहकार्य करत नाहीत.' पुढचे चार दिवस तेच वाक्य लिहिले गेले. सहाव्या दिवशी त्यांना उठून बसताना भोवळ आली. पायाची सूज वाढली होती.

"काका, हा बाबा जेवूनच नाही राह्यला," रूपाली म्हणाली.

"मंग नाकात नळी लावा लागन," मोतीलाल म्हणाले. "या लोकायले समजावनं म्हंजे डोकेफोड हाय."

फरशी पुसणारी कमला उईके दारात थांबली. "दीदी, मी इचारू का त्यायले?"

"तुले येते त्यायची बोली?"

"हौ. माह्या मायची बोली हाय ते."

"मंग सहा वर्षांत कधी सांगतलं काहून नाही?"

"कोनी इचारलंच नाही."

कमला चटईशेजारी बसली. महागू आधी हळू, मग न थांबता बोलत राहिले. आल्यापासून त्यांचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. कमलाने पदर तोंडाला लावला.

"काय म्हंते?" मोतीलालांनी विचारले.

"म्हंते, बायको मेली म्हून तुमी माह्यं डोकं बोडलं. बोडलं त बोडलं, पन कोनी सांगून नाही राह्यलं. कधी मेली, मातीले कोन होतं, येवढं तरी सांगा म्हंते."

दोन वर्षांपूर्वी लांजीला रूपालीचे वडील वारले, तेव्हा दोघा भावांची डोकी अंगणात बोडली होती. चटई तिनेच घातली होती, बिनमिठाचा भातही तिनेच वाढला होता. स्वतःच्या घरात हे सुतक तिने उंबऱ्यावरूनच ओळखले असते. इथे तिने त्याला हट्ट म्हटले.

टोल्यावरच्या लोकेश नावाच्या शेजाऱ्याचा मोबाइल संध्याकाळी लागला. फगनीचा आवाज आला. महागूंचा विश्वास बसेना. त्यांनी गाय व्याली का विचारले, कालवडीचा रंग विचारला. फगनीने सगळे सांगितले, वर खडसावलेही. तेव्हा ते रडले. मग बोडक्या डोक्यावरून हात फिरवत कमलाला काही म्हणाले.

"काय?" रूपालीने विचारले.

"म्हंते, असं डोकं घेऊन घरी कसा जाऊ? दुरून पाह्यलं त तिले वाटन, पोरगा गेला. पोरगा नागपूरले कामाले हाय त्यायचा."

त्या रात्री महागूंनी डाळ घेतली.

त्यांना घरी सोडायचा दिवस ठरला, तेव्हा रूपालीने आदल्या दिवसाची सुट्टी मागितली.

"मी पयले बिरसाले जातो. फगनीबाईले सांगाले, का कोनी नाही मेलं, हे आमी केलं."

"त्याच्यासाठी बसनं काहून जातं?" मोतीलाल म्हणाले. "फोन लावून दे."

"डोकं म्या धरलं होतं, काका."