सहा फुटांच्या रेघा

आमच्या जावईबापूंनी घोड्यांना मास्क घातले नाहीत, एवढीच काय ती त्यांनी माझ्यावर दया केली. बाकी दीड महिन्यात तबेल्यातली एक वस्तू त्यांनी जागेवर ठेवली नाही. खरारे मोजले, बादल्यांवर नंबर टाकले, लगाम सॅनिटायझरने पुसपुसून त्यांचं कातडं पांढरं पाडलं, आणि वर मलाच समजावलं, "आई, कातडं दुसरं आणता येतं." कातडं दुसरं आणता येतं हे मलाही कळतं. तो लगाम माझ्या नवऱ्याने हाताने शिवलेला होता, आणि नवरा दुसरा आणता येत नाही.

जावईबापू एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात. आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं, हे लोकांना आग नसताना सांगायचं, असं ते काम. यंदा साथ पुन्हा वाढली, कारखाना अर्धा बंद झाला, आणि हे, आमची लेक आणि नात असे तिघे माझ्याकडे राहायला आले. लेक दिवसभर कॉम्प्युटरसमोर, नात दिवसभर घोड्यावर. रिकामे राहिले हे. आणि नियम लिहिणारा माणूस रिकामा बसला की काय होतं, ते माझ्या तबेल्याला विचारा.

दरवर्षी आमच्या मैदानावर आठ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात. गेल्या वर्षी साथीमुळे झाल्या नाहीत. यंदा आरोग्य खात्याने कळवलं की आमची माणसं येऊन मैदान बघतील, मुलं सुरक्षित राहतील अशी खात्री पटली तर परवानगी, नाहीतर यंदाही नाही. नातीला पुढच्या महिन्यात पंधरा पूर्ण होतात. म्हणजे मोठ्यांच्या गटात, मोठ्या घोड्यावर. तिचा तट्टू, त्याला आम्ही ठेंगू म्हणतो, मोठ्यांच्या गटात चालत नाही. पाच वर्षं पोरगी त्याच्यावर बसतेय आणि दोघांच्या वाट्याला एकत्र असं हे एकच रिंगण उरलं होतं. ती काही बोलायची नाही. पण पहाटे साडेपाचला रिंगणात असायची आणि दहाही बोटांची नखं कुरतडून संपवली होती.

माझा काळजी घेण्याला विरोध नाही. आमचा नालबंद याच उन्हाळ्यात गेला. तीस वर्षं आमच्या घोड्यांना नाल ठोकले त्याने, लाथा खाऊन टिकला, आणि या रोगाने आठ दिवसांत नेला. तेव्हा साथ काय असते ते मला कोणी शिकवू नये. पण काळजी वेगळी आणि फळा वेगळा. जावईबापूंनी रिंगणाच्या दाराशी एक्केचाळीस नियमांचा फळा लावला. त्यातला सतरावा असा, की स्पर्धकाने घोड्याशी अनावश्यक बोलू नये.

"का बरं?" मी विचारलं.

"बोलताना थुंकी उडते, आई."

"घोड्याला हा रोग होत नाही."

"संशोधन चालू आहे."

आमच्याकडे एक घोडा आहे, त्याला वकील म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट तो वाद घातल्याशिवाय करत नाही. मी त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, बाबा रे, यापुढे तुझं माझं जे काय असेल ते लेखी.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी जावईबापू कागद घेऊन आले. मी सगळे नियम वाचले आहेत, अशी माझी सही हवी होती. मी वाचते, पण मला वेळ लागतो. ह्यांना वेळ नव्हता. मग ह्यांनी घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांच्या देखत, एकेक अक्षर सुटं करून, तान्ह्या पोराला भरवावं तसे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नियम मला वाचून दाखवले. मध्ये थांबून दोनदा विचारलं, "कळलं ना, आई?" मी सही केली. दात आवळले होते ते संध्याकाळपर्यंत सुटले नाहीत.

आणि त्याच दुपारी हे टेप आणि रंगाचा डबा घेऊन तबेल्यापासून रिंगणाकडे जाणाऱ्या वाटेवर ओणवे झाले. दर सहा फुटांवर एक आडवी रेघ, वीतभर रुंद, पांढरीशुभ्र. मुलांनी घोडा घेऊन चालताना एकेका रेघेवर उभं राहायचं, म्हणजे अंतर राहील.

मी चाऱ्याच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होते.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. उड्या मारणारं जनावर शिकवायला घेतलं की पहिल्या महिन्यात आम्ही एक पांढरा रंगवलेला दांडा जमिनीवर आडवा टाकतो. त्यावरून त्याला न्यायचं. पाय लागला की परत. मग दांडा टाचभर वर, मग गुडघ्याएवढा. पांढरं आडवं दिसलं की पाय उचलायचे, हे आमच्या प्रत्येक घोड्याच्या हाडात बसलेलं आहे, आणि ते मीच बसवलेलं आहे. तेव्हा त्या वाटेवर जावईबापू काय काढत होते ते माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. एकामागून एक वीस अडथळे.

पिवळ्या रंगाने काढा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नाही म्हटलं.

आमचा थोरला मोतद्दार आला. त्याला सगळे मुका म्हणतात, कारण तो दिवसभर बोलतो. "बाई, ते पांढरं..."

"दिसतंय मला."

"पण घोडे..."

"तुला मुका का म्हणतात ते एकदा तरी सिद्ध कर."

तो गेला. मी मनात ठरवलं की सकाळी तपासनीस यायच्या आत वकिलाला एकट्याला वाटेवर सोडू. तो चार उड्या मारेल, जावईबापूंचं तोंड बघू, आणि मग माती टाकून रेघा बुजवू. दहा वाजता येणार होत्या तपासनीस बाई. आल्या साडेसातला.

मी स्वयंपाकघरात चहाचा कप हातात घेऊन होते. खिडकीतून बघते तो फाटकाशी त्यांची गाडी, हातात फाइल घेऊन जावईबापू पुढे, आणि तबेल्याच्या अंगणात सहा मुलं घोड्यांवर बसून तयार. सरावाला लवकर बोलावलं होतं त्यांना. दोरीपलीकडे त्यांचे आईबाप. कप तिथेच ठेवला आणि निघाले, पण माझे गुडघे माझं ऐकत नाहीत. मी पोचेपर्यंत मुलांची रांग त्या वाटेला लागली होती.

सगळ्यांत पुढे आठ वर्षांची एक मुलगी, तिला चिमणी म्हणतात, आमच्या सगळ्यांत लठ्ठ, सगळ्यांत शांत घोडीवर. घोडी पहिल्या रेघेपाशी थांबली. कान पुढे केले. मग जशी शिकवली होती तशी, पाय पोटाशी घेऊन, सुंदर उडी मारली. खाली उतरते तो समोर दुसरी रेघ. तीही मारली. तिसरीला चिमणी घोडीच्या मानेवर होती आणि चौथीला मातीत. मागचा वकील, ज्याला अडथळ्यावर न्यायला अर्धा तास मनधरणी लागते, तो त्या दिवशी न सांगता उडाला. वरचा पोरगा खोगीर कवटाळून कसाबसा टिकला. तिसरी आमची नात. तिने लगाम आखडता घेतला, ठेंगूला बाजूच्या गवतावर वळवलं आणि हात वर करून मागच्यांना थांबवलं. पोरगी घोड्यावर बसायला शिकली आहे, एवढं मला तेव्हाही दिसलं.

आणि आईबाप धावले. दोरी ओलांडून, एकमेकांना ढकलत, मास्क हनुवटीखाली. एका मुलीभोवती दहा माणसांचा ढीग. ज्यांची मुलं घोड्यांवर सुखरूप होती तेही त्या ढिगात. आतून चिमणीचा आवाज आला, "मला काही लागलं नाही, पण माझ्या हातावर कोणीतरी उभं आहे."

तपासनीस बाईंनी फाइल मिटली. वयाने माझ्या लेकीहून लहान, तोंडावर दोन मास्क, डोळे थकलेले. "माफ करा," त्या जावईबापूंना म्हणाल्या, "हे असं असेल तर मला परवानगी देता येणार नाही."

जावईबापू रेघांकडे बघत होते, घोड्यांकडे बघत होते. दोन्हींचा संबंध त्यांना अजून लागत नव्हता.

नात बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "आजी," ती म्हणाली, "तुला काल दिसल्या नव्हत्या का ग या रेघा?"

"दिसल्या होत्या," मी म्हटलं.

तिने मान फिरवली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी मास्क वर केला आणि तोंड उघडलं. चाळीस वर्षं मोकळ्या मैदानावर पोरांना शिकवलंय, माझा आवाज मास्कने अडत नाही. "आईबापांनो, आपापल्या गाडीत जाऊन बसा. मास्क वर, काचा खाली, पाय आत. चिमणे, उठ, घोडीवर बस. मुक्या, फावडं आण, रेघांवर माती टाक. मुलांनो, रिंगणात चला. एका घोड्याचं अंतर."

चिमणीची आई म्हणाली, "पण ती आत्ताच पडली."

"म्हणून तर आत्ताच बसायला हवं. जा तुम्ही."

आईबाप गेले. मुलं रिंगणात शिरली आणि गोल फिरायला लागली. तपासनीस बाई निघाल्या नव्हत्या, त्यांना मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा. आमच्याकडे पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात, की पुढच्या घोड्याच्या आणि आपल्या मध्ये एक अख्खा घोडा मावेल एवढी जागा सोडायची. नाहीतर पुढचा लाथ मारतो. हे कोणी विसरत नाही. विसरलं तर घोडाच आठवण करून देतो. मुलं एकमेकांना चिकटतात ती जमिनीवर. घोड्यावर कोण कोणाला चिकटणार?"

"मोजून दाखवा," बाई म्हणाल्या.

मुलांना थांबवलं. टेप घेऊन जावईबापू पुढे झाले, ते नेमके वकिलाच्या मागून. "मागून नको, जावईबापू," मी म्हटलं. "बाजूने." ते बाजूने गेले. एका मुलापासून दुसऱ्या मुलापर्यंत टेप धरली, वाचली, परत वाचली.

"चौदा फूट," ते म्हणाले. "नियमात सहाच आहेत."

"मग वरचे आठ परत करा."

बाई हसल्या असाव्यात, डोळ्यांच्या कडा हलल्या. फाइल उघडली. खोगीर कोण घालणार? ज्याचं त्याने, मी म्हटलं, ज्याला स्वतःचं खोगीर घालता येत नाही त्याने स्पर्धेत येऊ नये. उड्या एकेकट्याने. बाकीची मुलं अंतर ठेवून, घोड्यावरच. निकाल भोंग्यावरून. बक्षीस ज्याच्या त्याच्या गाडीपाशी. बाई लिहीत गेल्या. नातीने ठेंगूच्या मानेवर हात ठेवला होता आणि तो हात हलत नव्हता.

"मैदानात मोठी माणसं कोण असतील?" बाईंनी विचारलं.

जावईबापूंनी सांगितलं, दोन मोतद्दार, एक परीक्षक, ते स्वतः आणि मी.

"आजींचं वय काय? पासष्टच्या वरच्या कोणाला मैदानात उभं राहता येणार नाही. ही अट वरून आलीय, माझ्या हातात नाही."

मी तोंड उघडणार तोच जावईबापू फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "चौसष्ट."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसाने दीड महिना मला चहाच्या कपाचंही अंतर मोजून दिलं, तो माणूस हे म्हणत होता. बाईंनी माझे पांढरे केस बघितले, गुडघा धरून उभी होते तेही बघितलं. "चौसष्ट?"

"पुढच्या महिन्यात पासष्ट लागेल," जावईबापू म्हणाले. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या त्यांच्या.

मला त्या रिंगणात उभं राहायचं नव्हतं असं नाही. तिसऱ्या अडथळ्याजवळची जागा माझी. दर स्पर्धेत मी तिथे उभी असते आणि नात आली की तिला दिसेल अशी असते. पण तो कागद खोटा निघाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि एकदा माझ्यामुळे संपतासंपता वाचलं होतं, तेही त्याच सकाळी.

"एकाहत्तर," मी बाईंना म्हटलं. "ह्यांना मोजमाप फक्त फुटांत येतं. माझं नाव खोडा."

बाईंनी खोडलं. शिक्का मारला. जाताना म्हणाल्या, "घर अगदी समोर आहे, आजी. खिडकीतून दिसेल तुम्हाला." मला आजी म्हणायचा हक्क त्यांना कोणी दिला, ते त्या दिवशी विचारलं नाही.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली. मुलं अजून गोल फिरत होती. जावईबापू चष्मा पुसत माझ्यापासून बरोबर सहा फुटांवर उभे राहिले. "आई, मला वाटलं तुम्ही तिथे असायला हव्यात. तिची शेवटची वेळ आहे ठेंगूवर. म्हणून मी..."

"ऐका आता, जावईबापू," मी म्हटलं. "रेघा चुकल्या, त्यातलं निम्मं माझं. मी बघितलं आणि तुमचा राग मनात धरून गप्प बसले. पोरीला लागलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं, ते माझं मी बघेन. पण तुमचे नियम मी दीड महिना का पाळले माहीत आहे? पटले म्हणून नाही. हा माणूस छळतो पण खोटं बोलत नाही, एवढी खात्री होती म्हणून. आज तुम्ही तीही घालवली, आणि कशासाठी, तर मला खूश करायला. खोटं बोलणं तुमचं काम नाही, तुमचे कान सगळ्या गावाला सांगतात. मी खिडकीत बसेन. तिसऱ्या अडथळ्याजवळ माझ्या जागेवर तुम्ही उभं राहायचं. नात तिथे येते तेव्हा घाबरून हात आवळते आणि ठेंगूचं तोंड ओढलं जातं. ती समोर आली की एकच शब्द म्हणायचा, 'सोड'. मोठ्याने म्हणायचा, थुंकी उडाली तर उडू द्या. आणि त्या वेळी फळ्यावरचा एक जरी नियम तुमच्या तोंडून बाहेर पडला, तर मी एकाहत्तराव्या वर्षी खिडकीतून उडी मारून खाली येईन."