कोळशाच्या पोत्यामागचा साचा

मी एक जुना लोखंडी साचा आहे, मित्रांनो. दोन लांब दांडे, त्यांच्या टोकाला दोन गोल तबकड्या आणि त्यांवर कोरलेली फुले. इटलीतल्या आब्रुत्सोच्या डोंगरातल्या आमच्या गावात बेरार्दो लोहाराने मला लोरेताच्या लग्नासाठी घडवले.

लोरेता अंडी, साखर, मैदा आणि बडीशेप कालवायची, चमचाभर पीठ माझ्यात घालायची आणि मला चुलीवर धरायची. एक प्रार्थना पुटपुटून झाली की मला उलटायची. मग फुलांची नक्षी उमटलेल्या पातळ, कुरकुरीत चकत्या निघत; त्यांना आम्ही पिझ्झेले म्हणतो. शेजारीण असुंता चेष्टेने म्हणे, "लोरेता, एक दिवस हा साचा मी पळवणार बघ!" तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

म्हातारपणी लोरेताने धाकट्या लेकीला, योलांदाला सांगितले, "साचा तुझा गं, पोरी." थोरली एर्सिलिया दारातच उभी होती. आईबरोबर चुलीपाशी जन्मभर तीच राबली होती. ती ते ऐकून मागे फिरली. पण आईला माती देऊन आल्यावर तिने मला शालीखाली लपवून आपल्या घरी नेले.

योलांदा शोधत आली. "एर्सिलिया, साचा दिसला का गं कुठं?"

"नाही बाई. एवढी माणसं आली-गेली..."

"असुंताच असणार! पळवणार म्हणायचीच ना ती!"

एर्सिलिया गप्प राहिली. कोळशाच्या पोत्यामागून मी सगळे ऐकत होतो. मलाही वाचा नव्हती.

असुंताशी गावाने बोलणे टाकले. एर्सिलिया मला वापरूही शकत नव्हती, कारण माझी फुले सारे ओळखत. मी गंजत गेलो. दर नाताळात योलांदा विजेच्या यंत्रावरचे पिझ्झेले आणी. एर्सिलिया आपला वाटा ताटात तसाच ठेवी.

अशी कितीतरी वर्षे गेली. योलांदाच्या मुलीचे लग्न ठरले. "लग्नाच्या पिझ्झेल्यांवर आईची फुलं तेवढी नसतील बघ," म्हणत योलांदा रडू लागली. एर्सिलियाला ते सोसवेना. तिने मला काढले आणि योलांदासमोर टेबलावर ठेवले.

योलांदा बघतच राहिली. "म्हणजे... तुझ्याकडे?"

"हो. मला माफ कर गं," म्हणत एर्सिलियाही रडू लागली.

"माझ्यापुढं काय रडतेस? आधी असुंताच्या दारात जा. आणि थांब, मीही येते. तिला चोर तर मीच म्हटलं होतं."

दोघींनी मला मीठ-तेलाने घासले. पहिले पिझ्झेले चिकटले, करपले. जे बरे निघाले ते घेऊन त्या गेल्या आणि मलाही बरोबर नेले.

असुंताने सगळे ऐकून घेतले. "माझा नवरा मेला, तेव्हा माझ्या घरी कुणी कॉफीसुद्धा घेतली नाही," ती म्हणाली. "हे मला एकटीला सांगून काय उपयोग? रविवारी चर्चच्या पायरीवर सांगा."

एर्सिलियाने सांगितले. साऱ्या गावासमोर सांगितले. असुंता लग्नाला आली, नवरीला आशीर्वाद दिला. पिझ्झेल्याला मात्र तिने हात लावला नाही.

मित्रांनो, काम झाले की मला पुसा, तेल लावा आणि सर्वांना दिसेल असे भिंतीवर टांगा. आणि तुमच्या गप्प बसण्याने कुणावर आळ आला असेल, तर आजच त्याच्या दारी जा.