पिसाचे कैदी

मला घरात सगळे ‘कात्री’ म्हणतात. माझी जीभ बघून काकांनी ठेवलेलं नाव ते, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. काकांच्या मुलाला ‘वकील’ म्हणतात. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, पण तोरा असा की जणू मला चालायला यानेच शिकवलं. आम्ही एकाच घरात राहतो, ते वर आणि आम्ही खाली, आणि शाळेतही एकाच वर्गात आहोत. त्यामुळे इतिहासाच्या मॅडमनी दोन शहरांच्या वाटाघाटींचा खेळ जाहीर केला तेव्हा त्यांनी आम्हाला मुद्दाम समोरासमोर बसवलं. घरातलं भांडण एकदा तरी अभ्यासाच्या कामी येऊ दे, म्हणाल्या.

शहरं होती जेनोआ आणि पिसा. पिसाचं नाव घेतल्याबरोबर अर्ध्या वर्गाने माना तिरक्या केल्या, कारण त्या झुकलेल्या मनोऱ्यापलीकडे आम्हाला त्या गावाची काडीची माहिती नव्हती. मॅडमनी सांगितलं, सातशेहून जास्त वर्षांपूर्वी ही दोन बंदरं एकमेकांना पाण्यात पाहायची. शेवटी समुद्रावर लढाई झाली, पिसा सपाटून हरलं आणि त्यांची हजारो माणसं जेनोआने धरून नेली. इतकी, की लोक म्हणायला लागले, पिसा बघायचंय तर जेनोआला जा. ती माणसं कशाच्या बदल्यात परत जाणार, एवढंच आम्ही बोलून ठरवायचं होतं.

मी जेनोआची प्रमुख, वकील पिसाचा. वर्गातली काही मुलं कैदी झाली आणि त्यांच्यात मॉनिटर होती. ही आमच्या वर्गाची मॉनिटर, गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेची विजेती. ती बोलायला उभी राहिली की मॅडमसुद्धा हातातला खडू खाली ठेवतात. खेळ ग्रंथालयात मांडला होता, कैद्यांना त्याला लागून असलेल्या नकाशांच्या खोलीत बसवलं. दार उघडं ठेवायचं, त्यांनी सगळं ऐकायचं, बोलायचं मात्र नाही. फक्त एकदा दाराशी येऊन एक निरोप द्यायची मुभा. आणि एक नियम मॅडमनी जाता जाता सांगितला: कैदी परतले की पिसाने आपला प्रमुख पुन्हा निवडायचा. म्हणजे मॉनिटर सुटली की वकिलाची खुर्ची गेलीच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वकिलाने तो नियम ऐकला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आता बाबांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं चष्म्याचं दुकान आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे दुकान: बाहेरच्या खोलीत फ्रेमची कपाटं आणि नंबर तपासायची खुर्ची, आतल्या खोलीत काचा घासायचं यंत्र. बाहेर काका बसायचे, आत बाबा. त्या यंत्राला बाबा कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आई एकदा नुसती फडकं घेऊन आत गेली तर एवढे ओरडले की समोरचं गिऱ्हाईक उठून गेलं. माणूस मनाने वाईट नव्हता, पण तोंडाने जाळ होता, आणि माझी कात्री कुठून आली ते वेगळं सांगायला नको. मग दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि दवाखान्यातून त्यांना दूरच्या एका उपचार केंद्रात हलवलं. तिथे ते हळूहळू उठून बसले, बोलायला लागले, काठी घेऊन चालायला लागले. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. दर रविवारी ते अडखळत विचारतात, कधी नेताय? आणि काका त्यांची समजूत काढतात.

यंत्रावर आई बसायला लागली. आधी नाइलाज म्हणून, काकांना शेजारी उभं करून. पहिल्या आठवड्यात तिने इतक्या काचा फोडल्या की काकांनी कपाळाला हात लावला. आता लोक फ्रेम काकांकडून घेतात आणि काच मात्र ‘ताईंनीच बसवायची’ म्हणून अडून बसतात. काम करताना ती गुणगुणते. मी तिला आधी कधीच गुणगुणताना ऐकलं नव्हतं आणि मला ते फार आवडतं, हेही सांगून टाकते. बाबांच्या खोलीत आता माझं अभ्यासाचं टेबल आहे.

तर खेळ. पहिल्या दिवशी मी कैद्यांच्या बदल्यात एका बेटावरचा किल्ला मागितला. वकील उठला, छातीवर हात ठेवला, आणि पूर्वजांच्या रक्तापासून सुरुवात करून शहराच्या अब्रूपर्यंत असा काही बोलला की माझ्या बाजूची मुलंही टाळ्या वाजवायला लागली. घरचे भेदी. तेवढ्यात मॉनिटर नकाशांच्या खोलीच्या दाराशी आली आणि तिने कैद्यांचा निरोप दिला. “आमच्यासाठी किल्ला देऊ नका. आम्ही इथे बरे आहोत. घाई करू नका.”

पुन्हा टाळ्या. मॅडम म्हणाल्या, खऱ्या कैद्यांनीही असाच निरोप पाठवला होता म्हणतात. मी म्हटलं, काहीतरीच काय, तुरुंगात कुजणारा माणूस असं कशाला बोलेल? मॅडम फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “घरून कोणी येणार नाही असं ज्याला कळून चुकतं, तो बोलतो.” आणि उरलेला फळा पुसून टाकला.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. समोरच्याला खरं काय हवंय ते कळत नसेल, तर आपली किंमत उतरवत जायची, म्हणाल्या. पार शून्यावर आणायची. फुकट मिळत असूनही तो नको म्हणाला, तर समजायचं की अडचण किमतीची नव्हतीच. मला ही युक्ती इतकी आवडली की घरी जाताना मी वकिलाशी एक शब्द बोलले नाही, न जाणो तोंडातून निसटायची.

दुसऱ्या दिवशी मी किल्ला सोडला आणि बंदरावरचा कर मागितला. वकील म्हणाला, तपासून बघावं लागेल. मी कर अर्धा केला. तो म्हणाला, व्यापाऱ्यांना विचारावं लागेल. मी कर सोडला आणि नुसती माफी मागितली, ती लेखी नको, तोंडीच. वकील म्हणाला, शब्द कोणते असावेत यावर आमची बैठक व्हायला हवी. आता माझ्या बाजूची मुलं हसायला लागली होती. पिसाच्या बाजूचं कोणी हसत नव्हतं. त्यांच्यातले दोघं मान वळवून सारखे नकाशांच्या खोलीकडे बघत होते.

मग मी उभी राहिले आणि म्हटलं, काही नको. दार उघडंच आहे. तुमची माणसं आत्ता, या क्षणी घेऊन जा.

वकील सावकाश उठला. त्याने टेबलावर दोन्ही पंजे टेकले, मान जराशी डावीकडे झुकवली आणि अगदी मऊ आवाजात बोलायला लागला.

“आम्हाला आमची माणसं हवीच आहेत. त्यात दुमत नाही. पण आधी त्यांची इथे नीट सोय झाली पाहिजे. उगाच घाई करून आणलं आणि त्यांचे हाल झाले, तर जबाबदार कोण?”

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी हसलं. मी मात्र खाली बसले. हे भाषण मी ऐकलं होतं. काकांचे असेच टेकलेले पंजे, अशीच डावीकडे झुकलेली मान, हाच मऊ आवाज. दर रविवारी दुपारी, फोन ठेवल्यावर, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

मॉनिटर दारात येऊन उभी राहिली. निरोप तिने आदल्या दिवशीच वापरून टाकला होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती वकिलाकडे बघत राहिली. मॅडमनी खेळ थांबवला आणि जेनोआ जिंकलं म्हणून जाहीर केलं. खऱ्या कैद्यांचं काय झालं, असं कोणीतरी विचारलं. वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या, मॅडम म्हणाल्या, आणि परत आलेले फार थोडे.

घरी जाताना मी वकिलाला गाठलं. तुझं ते शेवटचं भाषण कुठून आणलंस, म्हणून विचारलं. तो चक्क हसला. कुठून म्हणजे काय, घरात दर रविवारी ऐकतो की. पुढे म्हणाला, “तुला खरंच वाटत होतं तुझ्या बाबांना आणणार म्हणून?” माझं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. चौकात वळताना फक्त एवढंच म्हणाला की हे त्याच्या बाबांना एकट्यांना विचारू नकोस, सगळे असताना विचार. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, बापाला वाचवतोय.

मी तर काकांना पार उभं चिरायचं ठरवलं होतं. शनिवारी सगळे एकत्र जेवतो, तेव्हा मी किंमत उतरवायला सुरुवात केली. म्हटलं, बाबांना आणायचंय ना? काका म्हणाले, अर्थात, पण उंबऱ्यापाशी उतार करून घ्यायला हवा. म्हटलं, केंद्रातल्या बाई सांगतात ते पायऱ्या चढतात. मी फोन करून विचारलंय, आणि गेल्या वर्षीच न्या म्हणून कळवलं होतं असंही त्या म्हणाल्या. काका म्हणाले, रात्री सोबत लागेल. म्हटलं, मी त्यांच्याच खोलीत झोपेन. काका म्हणाले, न्यायला-आणायला दुकान बंद ठेवावं लागेल. म्हटलं, सोमवारपासून शाळेला सुट्टी आहे, मी एकटी बसने जाते, तुम्ही कोणी जागचं हलू नका. वकील ताटात बघत होता. काकूने पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

काकांचे पंजे टेबलावर आले. मान झुकली. पण या वेळी आवाज फुटेना. शून्य आलं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, सापडलात. आणि काकांनी मान वळवून आईकडे पाहिलं. विचारल्यासारखं. दोन वर्षं ते असंच विचारत आले असणार, आणि माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

आई घास संपवेपर्यंत थांबली. तिच्या बोटांच्या कडांना काचेची बारीक पांढरी पूड असते, कितीही धुतलं तरी. ती बोटं एकमेकांवर चोळत ती म्हणाली, “राहू दे ना गं. मला जरा श्वास घेऊ दे.”

“किती दिवस?” मी विचारलं.

तिने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. काका इतके दिवस तिच्यासाठी वाईटपणा घेत होते, आणि मी मारे त्यांना चिरायला निघाले होते. मला आईचा भयंकर राग आला. मग ते फडकं आठवलं, ते ओरडणं, आणि दाराआड उभी राहून डोळे पुसणारी ती आठवली, आणि राग आला याचाच राग आला. रडू येत होतं, पण कात्रीने रडायचं कसं, म्हणून मी ताट उचलून आत गेले. त्या रात्री बाबांच्या खोलीतलं माझं टेबल मी भिंतीपासून ओढलं. दारापर्यंत आणलं. बाहेर मात्र काढलं नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा काका उठायच्या आत मी उचलला. बाबांचा आवाज नेहमीसारखा, प्रत्येक शब्दाआधी जरा थांबून. मी त्यांना कधी नेताय हे विचारूच दिलं नाही. “बाबा, पिशवी भरून ठेवा. उद्या पहिल्या बसने मी येते.”

पलीकडे काहीच नाही. नुसता श्वास. मला वाटलं, हसतील. मला वाटलं, रडतील. त्यांनी विचारलं, “आईला विचारलंस?”

आई आतल्या खोलीच्या दारात उभी होती. हातात कोणाच्या तरी चष्म्याची अर्धवट घासलेली काच. ती मान हलवत नव्हती, हातानेही काही सांगत नव्हती, फक्त माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन दिवस अख्ख्या वर्गाला गप्प करणारी मी, मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. हो म्हटलं असतं तर ते आले असते. एवढं सोपं होतं ते.

माझं गप्प राहणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग एकदाही न अडखळता म्हणाले, “मी इथे बरा आहे, बाळ. घाई करू नका.” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?” आईने विचारलं.

मी सांगितलं. आईचे खांदे सैल झाले. “बघ, मी तेच म्हणत होते,” ती म्हणाली, आणि आत वळली. थोड्या वेळाने यंत्र सुरू झालं, आणि त्याच्या घरघरीतून तिचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं.