विश्रांतीचा वार

शेवटच्या दहा सेकंदांत अनुस्वारने डोळे गच्च मिटले आणि जिवाच्या आकांताने पायडल मारले. सायकल जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेली होती. कोच घड्याळ हातात धरून त्याच्या कानाशी ओरडत होता.

"पाच! चार! सोडायचं नाही, साहेब! तीन!"

शिट्टी वाजली. अनुस्वारने हँडलवर मान टाकली. आता नव्वद सेकंद हळूहळू, मग पुन्हा तीस सेकंद जीव तोडून. अशा आठ फेऱ्या. कोच या प्रकाराला 'पळापळ' म्हणत असे, जरी त्यात कुणी कुठे पोचत नसे.

"छान. आता उद्या काय?" कोचने विचारलं.

"उद्या बुधवार."

"बुधवारी काय?"

"विश्रांती," अनुस्वार म्हणाला. शाळेत पाढा म्हणताना मुलं जसं छताकडे बघतात, तसं त्याने छताकडे बघितलं.

अनुस्वार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. यंत्रं खाली आणि त्याची खोली वर, लाकडी माळ्यावर. एकवीस वर्षं तिथे बसून दुसऱ्यांच्या चुका काढता काढता तो गोल होत गेला होता. गोल आहे आणि अक्षरांच्या डोक्यावर बसतो, म्हणून खाली अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एकाने त्याला अनुस्वार म्हटलं, आणि ते चिकटलं. नाव ठेवणारा कधीच नोकरी सोडून गेला, नाव मात्र राहिलं. खरं तर ते इतकं अचूक होतं, की अनुस्वारला त्यात दुरुस्ती सुचली नाही.

या वयात तो व्यायामशाळेत आला तो हौसेने नव्हे. त्याच्या धाकट्या बहिणीचं यकृत निकामी होत चाललं होतं. कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला हवा होता. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. भावाचा जुळला. पण भावाच्या यकृतावर चरबी निघाली.

"असं यकृत देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आठ आठवडे आहेत तुमच्याकडे. सात किलो उतरवा. उपास करून नाही, नीट उतरवा."

कोच एके काळी वजनं उचलण्याच्या स्पर्धांत उतरलेला, आता पन्नाशी ओलांडलेला, एका गुडघ्याने अधू झालेला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर सात चौकटी आखल्या. तीन दिवस वजनं, दोन दिवस पळापळ. बुधवार आणि रविवार त्याने कोरे सोडले.

"इथे काही राहिलंय का?" अनुस्वारने विचारलं.

"राहिलं नाही, ठेवलंय. वजनं उचलताना माणूस मोडतो, साहेब. जुळतो तो झोपेत. विश्रांतीचा वार चुकवलात, तर बाकीचे पाच वार पाण्यात."

अनुस्वारने मान डोलावली. घरी जाऊन कागद भिंतीला लावला. पहिले दोन आठवडे त्याने पाळलाही.

त्या दिवसांत एक गोष्ट अशी घडत होती, की जी त्याने कुणाला सांगितली नसती. रोज संध्याकाळी सात वाजता बहिणीचा फोन येऊ लागला होता. एरवी ती वाढदिवसाला करायची, आणि कधी कुणी गेल्याचं कळवायला. आता रोज.

"दादा, आज किती?"

"चारशे ग्रॅम उतरलं."

"अरे वा! बारीक झालास तर आम्ही ओळखायचं कसं तुला?"

तिचा आवाज थकलेला असायचा, पण ती हसायची. मागून मेहुणा ओरडायचा, "दादा, जरा आमच्यासाठीही उतरवा!" दोन मिनिटांत फोन संपायचा. अनुस्वार नंतर बराच वेळ तो हातात धरून बसायचा. बहीण मरणाच्या दारात आहे आणि आपण सुखात आहोत, हे त्याला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण सुख होतं ते होतंच.

अडचण बुधवारची आणि रविवारची होती. त्या दिवशी व्यायाम नाही, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. "आज विश्रांती," असं म्हटलं, की बहीण "बरं, पड मग," म्हणून अर्ध्या मिनिटात फोन ठेवायची. आणि मग खोली उरायची. एक खुर्ची, एक पलंग, एक ताट. इतकी वर्षं तो याच खोलीत राहत होता, पण कामावरून आला की जेवून आडवा होत असे, त्यामुळे खोलीची आणि त्याची अशी समोरासमोर गाठ पडली नव्हती. दुपारी तीन ते सात हा वेळ एवढा मोठा असतो, हे त्याला त्या रविवारांनी शिकवलं. शेजारच्या घरात कुणी खुर्ची सरकवली तरी तो कान टवकारायचा.

तिसऱ्या रविवारी त्याने बूट घातले आणि इमारतीचे जिने चढायला लागला. सात मजले वर, सात मजले खाली. पुढच्या बुधवारी दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेतले. संध्याकाळी बहिणीला सांगितलं, "आज अकरा वेळा चढलो!" आणि ती म्हणाली, "बाप रे!" ते एक 'बाप रे' त्याला पुढच्या रविवारपर्यंत पुरलं. कोचला मात्र त्याने काही सांगितलं नाही. वजन झरझर उतरत होतं. पाय दुखत होते, झोप येत नव्हती, सकाळी मूठ घट्ट आवळता येत नव्हती. तो ते अंगावर काढत राहिला.

सहाव्या आठवड्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"यकृताचे हे आकडे वाढलेत. पहिल्यापेक्षा तिप्पट." त्यांनी चष्मा काढला. "काल व्यायाम केला होता?"

"हो."

"परवा?"

"हो."

"सुट्टी कधी घेता?"

अनुस्वारने कागदाकडे पाहिलं. इतरांच्या चुकीखाली लाल रेघ ओढणारा तो माणूस, आणि आता त्याच्याच कागदावर लाल रेघा होत्या.

"हे बहुधा स्नायूंचं आहे. अतिश्रमाने असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण बहुधा म्हणून मी तुमच्या पोटाला चाकू लावणार नाही. दहा दिवस काहीही करायचं नाही. मग परत या."

दहा दिवस. बहिणीचे डोळे आता हळदीसारखे पिवळे झाले होते. त्या संध्याकाळी त्याने तिला सगळं सांगितलं.

"दादा," ती म्हणाली, "घरी नुसतं बसायचं होतं रे. तेवढंच होतं ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

कोचचा राग मात्र पुरेपूर होता. "लोक व्यायामाला टांग मारतात, हे मी आयुष्यभर बघतोय. विश्रांतीला टांग मारणारे तुम्हीच!" त्याने दारच अडवून धरलं होतं. "का? मी विचारतोय, का? वजन तर उतरतच होतं!"

"घरी करमत नाही," अनुस्वार म्हणाला. इतकं खरं तो कुणाशी कधी बोलला नव्हता, पण ते इतकं साधं निघालं, की कोचला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"मग रेडिओ लावा," कोच म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

ते दहा दिवस अनुस्वारने काढले. छापखाना आणि घर, घर आणि छापखाना. संध्याकाळी खुर्चीत बसायचं, पाय समोरच्या पलंगावर ठेवायचे आणि काही करायचं नाही. सात वाजता फोन येत नसे. बहिणीला बोलायला त्रास होत होता, मेहुणा दवाखाना आणि घर करत होता. अनुस्वारने रेडिओ लावून पाहिला आणि बंद केला. आपण एकटे आहोत असं त्याने पूर्वी कधी स्वतःला म्हटलं नव्हतं. त्या दहा दिवसांत म्हटलं. म्हटल्यावर झोप लागली, गाढ, सकाळपर्यंत.

अकराव्या दिवशीचे आकडे स्वच्छ होते. यकृतावरची चरबीही जवळजवळ गेली होती. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "शाबास. बावीस तारीख धरू या." मग त्यांनी त्याला शेवटच्या सहीसाठी तळमजल्यावर पाठवलं.

तिथे एक समाजसेविका बसली होती. समोर कागदांचा गठ्ठा, शेजारी थंड झालेला चहा. तिने एक अर्ज पुढे सरकवला. दात्याची काळजी घेणारी व्यक्ती: नाव, नातं, सही. अनुस्वारने पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून अर्ज परत दिला.

"हे तुमचंच नाव आहे," ती म्हणाली.

"हो. मी माझं बघतो. सवय आहे."

"तसं चालत नाही." तिने पेन खाली ठेवलं. हे तिने अनेकांना समजावलेलं असावं, पण तिचा सूर रुक्ष नव्हता. "घरी गेल्यावर पहिले सहा आठवडे तुमच्याजवळ माणूस लागेल. उठवायला, औषध द्यायला, ताप आला तर इथे आणायला. तुम्हाला तीन किलोवर काही उचलता येणार नाही."

"मी साठ किलो उचलतो," अनुस्वार म्हणाला.

"उचलत असाल. पाण्याची बादली नाही उचलायची. बायको?"

"नाही."

"आई, वडील?"

"नाहीत."

"मेहुणे?"

"ते तिच्याजवळ असतील."

"मित्र? शेजारी? ऑफिसातलं कुणी?"

अनुस्वारने खरोखर आठवून पाहिलं. माळ्यावर तो एकटाच बसे. खालची माणसं चांगली होती, पण त्यांतल्या कुणाचं घर त्याने पाहिलं नव्हतं.

"हे नाव आल्याशिवाय समिती मंजुरी देत नाही," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत सांगा. बहिणीशी बोलून बघा."

बहिणीशी बोलणं शक्य नव्हतं. दादाला बघायला कुणी नाही हे कळलं, तर ती त्याच क्षणी नको म्हणाली असती. तिला तो लहानपणापासून ओळखत होता. सात किलो उतरले, रक्त सुधारलं, आणि आता बहिणीचा जीव एका नावावर अडला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो व्यायामशाळेच्या दारात उभा राहिला. आत दोघे-तिघे वजनं उचलत होते. कोच लोखंडी चकत्या जागेवर लावत होता. त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा तापला.

"आज कोणता वार?"

"बुधवार."

"बुधवारी काय?"

"त्याबद्दलच बोलायला आलोय," अनुस्वार म्हणाला. त्याने बूट काढले नाहीत, पिशवीही खाली ठेवली नाही. अर्ज पिशवीत होता, पण तो काढण्याऐवजी त्याने सगळं तोंडानेच सांगितलं, भराभर, एका दमात. मग शेवटचं वाक्य आलं, आणि तिथे त्याला थांबावं लागलं.

"सहा आठवडे माझ्याजवळ राहायला कुणीतरी हवं आहे. आणि मला कुणी नाही."

कोचच्या हातात दहा किलोची चकती होती. त्याने ती हळूच जागेवर ठेवली. मग खिशातून फोन काढून, गुडघा सांभाळत, तो बाकावर बसला.

"अगं, ऐक," तो फोनमध्ये म्हणाला. "आपली मागची खोली पुढच्या महिन्यात लागणार आहे... नाही गं, भाडेकरू नाही... दीड महिना. ऑपरेशन आहे त्यांचं... अगं कोण म्हणजे? आपलाच माणूस आहे."

अनुस्वार भिंतीवरच्या आरशाकडे बघू लागला, आणि तिथेही स्वतःचा चेहरा दिसायला नको म्हणून जमिनीकडे.

फोनमधून बाईचा आवाज येत होता, खणखणीत, एकामागून एक प्रश्न. कोच हो हो करत होता. मग त्याने फोनवर हात ठेवला आणि मान वर केली.

"विचारतेय, घोरता का? दोन खोल्यांच्या मधे नुसती फळी आहे. तिला झोप येत नाही."

अनुस्वारने विचार केला. बाईंना चुकीचं सांगायचं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "सांगणारं कधी कुणी नव्हतं."